चाचणीच नापास झाली तर?

डी.एड., बी.एड.च्या मूल्यमापनाच्या पेपरात 'विश्वसनीयता' आणि 'सप्रमाणता' या दोन संज्ञांच्या व्याख्या आपण सर्वांनीच पाठ केलेल्या असतात, आणि परीक्षा संपली की विसरलेल्याही असतात. यवतमाळ जिल्ह्यातील शिक्षकांना मात्र त्या विसरण्याचे कारण नाही. कापसाच्या हंगामात वणीच्या किंवा पांढरकवड्याच्या बाजारात एखादा काटा दर क्विंटलमागे नेमके दोन किलो कमी दाखवत असेल, तर तो काटा विश्वसनीय आहे, कारण दहा वेळा तोलले तरी उत्तर तेच येते. पण तो सप्रमाण नाही. आता दुसरा प्रकार पाहा. काटा अगदी अचूक आहे, पण कापूसच ओला आहे. वजन बरोबर आले, परंतु 'एवढा कापूस आला' हा त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकला. म्हणून तर खरेदी केंद्रावर काट्याच्या जोडीला ओलावा मोजणारे यंत्रही असते. सप्रमाणता ही उपकरणाच्या अंगी असलेली कायमची वस्तू नाही. उपकरणाने दिलेल्या आकड्यावरून आपण जो अर्थ काढतो, त्या अर्थाचा तो गुण आहे.

ही उजळणी करण्याचे कारण असे. स्फोटात, अपघातात किंवा गोळीबारात डोक्याला मार बसलेल्या सैनिकाच्या मेंदूचे काम कितपत चालते हे पाहण्यासाठी ज्या चाचण्या वापरतात, त्यांना चेतामानसशास्त्रीय चाचण्या म्हणतात. स्मरण, अवधान, विचारांची गती, भाषा, हातांचा मेळ अशा गोष्टी कागद-पेन्सिल, चित्रे, ठोकळे आणि हल्ली संगणक यांच्या साहाय्याने मोजल्या जातात. वैद्यकीय मंडळापुढे या आकड्यांना वजन असते. अपंगत्व किती टक्के, ते सेवेमुळे आले की आधीचेच होते, माणूस पुन्हा कामावर जाऊ शकेल का, हे ठरवताना हा कागद पुढे येतो. अपंगत्व-निवृत्तिवेतनासाठी २० टक्के ही किमान मर्यादा मानली जाते. म्हणजे एकोणीस आणि वीस यांच्यामध्ये एका कुटुंबाचे उत्पन्न उभे असते. इतके वजन पडणाऱ्या काट्यावर टीका व्हायला हवी, असे आम्हाला वाटते. ती टीका चाचण्या निरुपयोगी आहेत अशी नाही. त्या कोणासाठी तयार झाल्या आणि कोणावर वापरल्या जातात, याबद्दलची आहे.

सैन्य आणि मानसशास्त्रीय चाचण्या यांचे नाते जुने आहे. १९१७ साली अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली तेव्हा रॉबर्ट यर्कस यांच्या नेतृत्वाखाली मानसशास्त्रज्ञांनी दोन चाचण्या तयार केल्या. वाचता येणाऱ्यांसाठी 'अल्फा', न येणाऱ्यांसाठी 'बीटा'. सतरा लाखांहून अधिक जवानांना त्या देण्यात आल्या. 'बीटा'मध्ये अपुरी चित्रे असत आणि काय राहिले आहे ते ओळखायचे असे. टेनिसच्या मैदानावर जाळी नाही, फोनोग्राफला कर्णा नाही. ज्याने आयुष्यात टेनिसचे मैदान पाहिलेले नाही त्याला जाळी नसल्याचे कसे कळावे? या चाचण्यांवरून अमेरिकी जवानाचे सरासरी मानसिक वय तेरा वर्षे निघाले. कार्ल ब्रिगम यांनी १९२३ साली त्याच आकड्यांच्या आधारे दक्षिण व पूर्व युरोपातून आलेले लोक जन्मतः कमी बुद्धीचे असल्याचे पुस्तक लिहिले. त्याच आकड्यांत एक गोष्ट उघड दिसत होती: स्थलांतरिताला अमेरिकेत येऊन जितकी वर्षे अधिक झाली, तितके त्याचे गुण अधिक होते. बुद्धी वर्षागणिक वाढत नव्हती, टेनिसच्या जाळीची ओळख वाढत होती. १९३० साली ब्रिगम यांनी आपले निष्कर्ष स्वतःच मागे घेतले. शास्त्रात हे क्वचित घडते, म्हणून त्यांना त्याचे श्रेय द्यायला हवे.

या सैनिकी चाचण्या युद्धाबरोबर संपल्या नाहीत. तेव्हा सैन्यात त्या चाचण्या घेण्याचे काम केलेल्या डेव्हिड वेक्सलर या तरुणाने पुढे १९३९ साली प्रौढांसाठी आणि १९४९ साली मुलांसाठी आपल्या बुद्धिमापन चाचण्या प्रसिद्ध केल्या. अपुरी चित्रे पूर्ण करणे, अंकांच्या जागी चिन्हे भरणे हे प्रकार त्यांत सैनिकी चाचण्यांतूनच आले. मुलांच्या या चाचणीचे भारतीय रूप तयार झाले ते आपल्या शेजारी, नागपुरात. डॉ. आर्थर मलिन यांनी १९६९ च्या सुमारास ती इंग्रजी, हिंदी व मराठीत आणली आणि आजही अनेक बालमार्गदर्शन केंद्रांत 'मलिनची चाचणी' म्हणून तीच ओळखली जाते. त्याही आधी, १९३४ साली, डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी बिने यांच्या चाचणीचे मराठी आणि कानडी रूप सिद्ध केले होते. म्हणजे आपल्या शाळेतल्या एखाद्या मुलाला 'संथ अध्ययनार्थी' ठरवणारा कागद आणि सैनिकाला अपंग ठरवणारा कागद यांचे मूळ घराणे एकच आहे. शिक्षकांनी या विषयात लक्ष घालावे याचे हे एक कारण.

आता या चाचण्यांना काय चांगले जमते ते पाहू. मेंदूच्या एका भागाला मोठी इजा झाली, तर त्या फार बोलक्या ठरतात. सोव्हिएत शास्त्रज्ञ अलेक्झांडर लुरिया यांचे काम या क्षेत्रात पायाभूत मानले जाते, आणि ते बव्हंशी दुसऱ्या महायुद्धातील जखमी सैनिकांवर झाले. १९४३ साली स्मोलेन्स्कच्या आघाडीवर डोक्यात गोळी लागलेला झासेत्स्की नावाचा एक तरुण त्यांच्या देखरेखीखाली होता. त्याला 'वडिलांचा भाऊ' आणि 'भावाचे वडील' यांतला फरक उलगडत नसे, वाचायला नव्याने शिकावे लागले, पण लेखणी न थांबवता लिहिले तर हात लिहून जाई. पंचवीस वर्षांत त्याने सुमारे तीन हजार पाने लिहिली. अशा रुग्णाच्या बाबतीत चाचणी, जखम आणि जगणे तिन्ही एकच गोष्ट सांगतात. सप्रमाणतेचा प्रश्नच उरत नाही.

प्रश्न येतो तो न दिसणाऱ्या इजेचा. १९१५ साली चार्ल्स मायर्स यांनी 'लॅन्सेट'मध्ये 'शेल शॉक' हा शब्द छापला, तेव्हापासून वाद चालू आहे: तोफेच्या धक्क्याने मेंदूला इजा होते की भीतीने मनाला? २००८ साली चार्ल्स होग व सहकाऱ्यांनी इराकमधून परतलेल्या २५२५ अमेरिकी सैनिकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. डोक्याला मार लागून काही काळ शुद्ध हरपलेल्यांपैकी सुमारे ४४ टक्क्यांत आघातोत्तर मानसिक विकाराची लक्षणे आढळली. ज्यांना काहीच इजा झाली नव्हती त्यांच्यात हे प्रमाण ९ टक्के होते. पण तो विकार आणि नैराश्य यांचा हिशेब वजा केल्यावर, डोकेदुखी सोडता, बाकीच्या शारीरिक तक्रारींचा डोक्याच्या सौम्य माराशी स्वतंत्र संबंध उरला नाही. याचा अर्थ त्या तक्रारी खोट्या होत्या असा मुळीच नाही. 'अवधान कमी पडते' हे चाचणीने बरोबर सांगितले, पण कशामुळे हे चाचणीला सांगता येत नाही. मार, झोप न येणे, नैराश्य, दारू, वय यांपैकी प्रत्येकाने तोच आकडा येऊ शकतो. काटा बरोबर आहे. कापसात पाणी कुठून आले ते काट्याला विचारून उपयोग नाही.

यावर एक साधा उपाय सुचतो: मार लागण्याआधीचे गुण हाताशी हवेत. व्हिएतनाम युद्धात डोक्याला जखमा झालेल्या अमेरिकी सैनिकांचा दीर्घकाळ अभ्यास झाला, त्याची खरी किंमत यातच आहे. भरतीच्या वेळी प्रत्येकाची बुद्धिचाचणी झालेली होती, त्यामुळे आधी आणि नंतर अशी तुलना करता आली. जखमेनंतर माणूस कितपत सावरला याचा अंदाज देण्यात जखमेआधीची बौद्धिक पातळी फार महत्त्वाची ठरली. २००८ साली तर अमेरिकेने कायदाच केला की रणांगणावर जाणाऱ्या प्रत्येकाची आधी संगणकावर चाचणी घ्यावी.

असे आधीचे गुण नसतील तर? इंग्रजी जगाने त्यासाठी एक चतुर युक्ती काढली. १९८२ साली ब्रिटनमध्ये हेझेल नेल्सन यांनी वाचनाची एक चाचणी प्रसिद्ध केली. तिच्यात ५० असे शब्द आहेत की ज्यांचे स्पेलिंग एक आणि उच्चार दुसरा. हे उच्चार माणूस पूर्वी शिकलेला असेल तरच जमतात, आणि मेंदूच्या अनेक आजारांत ही जुनी ओळख बराच काळ टिकते. म्हणून त्यावरून मूळची बुद्धी अजमावतात. ही युक्ती मराठीत करून पाहा! देवनागरी जशी लिहिली तशी वाचली जाते. 'चाक'मधला च आणि 'चंद्र'मधला च यांसारखी मोजकी उदाहरणे सापडतील, पण तेवढ्यावर चाचणी उभी राहत नाही, आणि तो च पुण्यात एक, वऱ्हाडात दुसरा असा वाद होईल ते वेगळेच. आपल्या लिपीचा गुण येथे परीक्षकाची अडचण होतो.

भाषेचा प्रश्न येथे संपत नाही, सुरू होतो. समजा, पुसद किंवा दिग्रस तालुक्यातील एखाद्या तांड्यावरचा मुलगा सैन्यात गेला. घरी गोरमाटी, शाळेत मराठी, पलटणीत सतरा वर्षे हिंदी. किंवा झरी-जामणीकडच्या कोलाम पोडावरचा मुलगा घ्या. त्याची कोलामी तर मराठीच्या कुळातलीही नाही, ती द्रविड भाषा. निवृत्तीनंतर या माणसाची स्मरणशक्ती कोणत्या भाषेत तपासायची? 'शंभरातून सात वजा करत जा' ही दवाखान्यात नेहमी वापरली जाणारी चाचणी घ्या. त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी, बाहत्तर, पासष्ट. ज्याने जमाखर्च, पहाऱ्याच्या वेळा आणि गोळ्यांची मोजणी हिंदीत केली, त्याला 'एकोणऐंशी'पाशी अडखळायला मेंदूला मार लागण्याची गरज नाही. मराठी संख्यानामे किती अवघड आहेत यावर २०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकावरून महाराष्ट्रभर रण माजले होते, ते वाचकांना आठवत असेल. 'त्रेसष्ट' म्हणावे की 'साठ तीन'? त्या वादात मुलांची बाजू घेणाऱ्यांनी सैनिकाचीही घ्यायला हरकत नाही.

दुसरे उदाहरण रेषा जोडण्याच्या चाचणीचे. ही १९४४ च्या अमेरिकी सैनिकी चाचणी-संचातून आलेली आहे आणि जगभर वापरतात. कागदावर विखुरलेली वर्तुळे १, ए, २, बी अशी आळीपाळीने जोडायची, आणि लागलेला वेळ मोजायचा. अंकमाला आणि वर्णमाला दोन्ही तोंडपाठ आहेत असे येथे गृहीत आहे. देवनागरीत करायची म्हटले तर बारा अक्षरे लागतात: क ख ग घ ङ च छ ज झ ञ ट ठ. यातली ङ आणि ञ ही दोन अक्षरे शाळा सुटल्यावर किती जणांनी लिहिली असतील? आमचा शिक्षकांना प्रश्न आहे: नववीच्या वर्गात शब्दकोश देऊन 'थ' शोधायला सांगितला तर किती मुले 'ढ'च्या आधी शोधतात? वर्णक्रमाने शोधण्याची सवय आपल्याकडे इंग्रजीइतकी कधीच नव्हती. अशा अडचणीमुळेच पुढे अक्षरांऐवजी रंगीत वर्तुळे वापरणारी चाचणी तयार झाली. ती आणणे शहाणपणाचे. अक्षरे बदलून जुनी चाचणी 'मराठीत केली' म्हणणे तसे नव्हे.

आता सर्वांत नाजूक भागाकडे वळू. पैसा किंवा सुट्टी मिळण्याची शक्यता असली की परीक्षकाच्या मनात संशय येतो: हा सोंग तर करत नाही? संशयही जुनाच आहे. १९१४-१५ साली फ्रान्समध्ये लढणाऱ्या हिंदी शिपायांच्या हातांना जखमा फार, तेव्हा ते स्वतःच जखमा करून घेतात, असे काही अधिकाऱ्यांना वाटू लागले. ब्रायटनच्या किचनर हॉस्पिटलचे प्रमुख ब्रूस सीटन यांनी एक हजार जखमांचा पद्धतशीर अभ्यास केला आणि या संशयाला आधार नाही असा निष्कर्ष काढला. मोजणीने माणसाची अब्रू वाचवल्याचे हे उदाहरण आम्हाला फार आवडते.

आजची युक्ती वेगळी आहे. १९७० च्या दशकात अमेरिकेतील पोर्टलंड येथे लोरेन पॅन्क्रॅट्झ यांनी ती रूढ केली. रुग्णाला एक चित्र दाखवतात. मग दोन चित्रे ठेवून 'यातले कोणते पाहिले होते?' असे विचारतात. ज्याला काहीच आठवत नाही तोही अंदाजाने निम्मी उत्तरे बरोबर देईल. निम्म्याहून फारच कमी बरोबर येत असतील, तर त्याला उत्तर ठाऊक आहे आणि तो मुद्दाम चुकतो आहे. हे वर्गात करून पाहण्यासारखे आहे. २० प्रश्न घ्या. नाणे उडवून उत्तरे देणाऱ्याला ५ किंवा त्याहून कमी गुण मिळण्याची शक्यता किती? एकूण शक्यता १०,४८,५७६, त्यांतल्या अनुकूल २१,७००, म्हणजे सुमारे २ टक्के. दहावीच्या मुलांना हे पास्कलच्या त्रिकोणावरून काढता येईल. मग पाच मुलांना 'सगळे विसरल्याचे सोंग करा' म्हणून सांगा आणि पाहा किती जण खरोखर पाचाच्या खाली जातात.

युक्ती सुंदर आहे. पण प्रत्यक्षात बहुतेक सोंग करणारे इतके खाली जात नाहीत, म्हणून चाचणीकर्त्यांनी रेषा वर नेली. टॉम्बॉ यांच्या १९९६ च्या प्रसिद्ध चाचणीत ५० प्रश्न आहेत. निव्वळ अंदाजाने २५ येतात, पण ४५ च्या खाली आले की संशय सुरू. येथे तर्काची जात बदलते. १५ गुण मिळवणारा मुद्दाम चुकतो, हे गणित सांगते. ४० गुण मिळवणारा नीट प्रयत्न करत नाही, हे गणित सांगत नाही. ते इतर माणसांशी तुलना करून ठरवलेले असते, आणि ती इतर माणसे बहुधा इंग्रजी शाळेत शिकलेली असतात. आंद्रे रे यांची पंधरा चिन्हांची चाचणी तर याचा नमुनाच आहे. पंधरा चिन्हे दाखवायची आणि आठवून लिहायला सांगायचे. अवघड वाटते, पण ती मोठी ए-बी-सी, लहान ए-बी-सी, एक-दोन-तीन, रोमन एक-दोन-तीन आणि तीन आकृत्या अशी पाच जुडग्यांत असतात, म्हणून खरे तर सोपी. महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आले ते २००० साली, त्याआधी ते पाचवीपासून होते. चौथीत शाळा सुटलेल्या, १९७१ च्या लढाईत गेलेल्या माणसाला त्यांतली किमान तीन जुडगी जुडगी म्हणून दिसणारच नाहीत. त्याला दिसतील नऊ सुटी, परकी चिन्हे. तो विसरेल, आणि कागदावर लिहिले जाईल, 'सहकार्य नाही'.

आणखी एक हिशेब. समजा, एखादी चाचणी १०० पैकी ७० सोंगे पकडते आणि १०० खऱ्यांपैकी १० जणांवर चुकून ठपका ठेवते. हे आकडे आम्ही उदाहरणादाखल घेतले आहेत. १००० माजी सैनिकांत ४०० सोंगे असतील तर २८० पकडले जातील आणि ६०० खऱ्यांतल्या ६० जणांवर ठपका येईल. ठपका आलेल्या ३४० पैकी ६० निरपराध. पण १००० मध्ये १०० च सोंगे असतील तर? ७० पकडले जातील, ९०० खऱ्यांतले ९० अडकतील. म्हणजे ठपका आलेल्या १६० पैकी ९०, निम्म्याहून अधिक, खरे रुग्ण! चाचणी तीच, उत्तराचा अर्थ उलटा. अमेरिकेतील काही तज्ज्ञ नुकसानभरपाई मागणाऱ्यांत हे प्रमाण सुमारे ४० टक्के धरतात. तो आकडा तिथल्या वकिलांच्या आणि विम्याच्या जगातला आहे. तो उचलून यवतमाळला लावणे म्हणजे नागपूरच्या पावसावरून रत्नागिरीचा अंदाज करणे.

वाट नाही असे मात्र नाही. हरियाणातील बल्लभगढ येथे मेरी गांगुली व सहकाऱ्यांनी १९९५ साली प्रसिद्ध केलेली हिंदी चाचणी निरक्षर वृद्धांना समोर ठेवून घडवलेली आहे. तिथे शब्दांचे भाषांतर न करता प्रत्येक प्रश्नाचा हेतू काय ते पाहून नवा प्रश्न शोधला गेला. बंगळूरूच्या 'निमहान्स'ने २००४ साली काढलेल्या संचात निरक्षर, शाळा शिकलेले आणि महाविद्यालयीन यांच्यासाठी वेगळी मानके आहेत. हे खरे काम. मात्र बंगळूरूची मानके घाटंजीच्या माणसाला किती लागू पडतात, हे तपासल्याशिवाय सांगता येणार नाही, आणि ते तपासण्याजोगे वैद्यकीय महाविद्यालय यवतमाळला १९८९ पासून आहे. गोरमाटी, गोंडी, कोलामी आणि वऱ्हाडी बोलणारे निरोगी प्रौढ, वय आणि शिक्षण यांच्या गटांनुसार काही शेकडा तपासले, तरी एक उपयोगी तक्ता तयार होईल. त्यासाठी महागडे यंत्र लागत नाही. दुभाषे लागतात, आणि जिल्हा परिषदेच्या शाळांत ते आहेत.

कायद्याने सैनिकाची बाजू काही प्रमाणात सावरली आहे. धरमवीर सिंह यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली असे धरले की भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर माणूस निरोगी होता असे मानावे, आणि तसे नव्हते हे दाखवण्याची जबाबदारी सरकारची. तो खटला झटके येण्याच्या आजाराचा होता आणि त्या वेळच्या नियमांवर आधारलेला होता. ते नियम २०२३ साली बदलले. स्मरण आणि अवधान यांच्या बाबतीत अडचण आणखी वेगळी, कारण भरतीच्या वेळी उंची, छाती, डोळे, कान तपासून नोंदले जातात. माणूस किती भराभर विचार करी याची तशी नोंद कुठे मिळत नाही.

ती नोंद कुठे असू शकते, तर शाळेत. डॉक्टर रुग्णाच्या मूळच्या पातळीचा अंदाज बांधताना शिक्षण आणि नोकरी विचारतात, आणि मग घरचे लोक शाळा सोडल्याचा दाखला घेऊन येतात. वर्गवार निकालपत्रके बहुतेक शाळांत काही वर्षांनी वाळवीच्या स्वाधीन होतात. टिकते ते जनरल रजिस्टर. त्यात नाव, जात, जन्मतारीख, कोणत्या इयत्तेतून शाळा सोडली ते असते, आणि शेवटच्या रकान्यांत बहुतेकांच्या नावापुढे एकाच हस्ताक्षरात, एकाच शाईने लिहिलेले असते: प्रगती, बरी. वर्तणूक, चांगली.